कवळी आणि गोदामवाले

कवळीताई दात बसवायची नाही, दात घडवायची. बसवायच्या डॉक्टरीणबाई, पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत खिडकीखाली लांब ओटा होता, ओट्यावर प्लास्टरची भुकटी कायमची मुक्कामाला आलेली. तिथे कवळीताईचं राज्य. बावीस वर्षांत अर्ध्या वस्तीचं हसू तिच्या हाताखालून गेलं होतं. रस्त्यात कुणी हसून बोललं, की ती आधी तोंडात डोकवायची आणि मग चेहरा ओळखायची.

तिच्या खोलीत घड्याळ नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जबड्याचं माप घेतलं, की त्या मऊ मापात प्लास्टर ओतायचं आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं. गोदामवाल्यांच्या कॅसेटची पहिली बाजू संपली, की प्लास्टर पक्कं. मग माप सोडवायचं, आत जबड्याचा पांढराशुभ्र नमुना तयार.

गोदामवाले म्हणजे दूरदेशीचा चौघांचा रॉक बँड. पहिली गाणी त्यांनी धान्याच्या रिकाम्या गोदामात रेकॉर्ड केली, म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. गाणी येशूची, पण गिटार करवतीसारखी आणि ड्रम असे, की ओट्यावरचे खोटे दात वाटीत नाचायचे. रेडिओवाले म्हणत, यात देव फार. चर्चवाले म्हणत, यात गोंगाट फार. कवळीताईला दोन्ही बेताचंच वाटायचं.

आई गेली तेव्हा चर्चमधल्या सगळ्यांनी तिला सांगितलं, देवाची इच्छा. तिनेही मान हलवली. घरी येऊन भांडी घासायला बसली आणि तिला देवाचा असा राग आला, की त्या रागाचीच भीती वाटली. त्याच आठवड्यात आतेभावाने ही कॅसेट आणून दिली. शब्दकोश मांडीवर घेऊन तिने एकेक ओळ सोडवली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं. त्यात एक माणूस देवाला विचारतो, तू होतास कुठे? आठ मिनिटं विचारतो. उत्तर येत नाही. उरलेली तीन मिनिटं तो तिथेच बसून राहतो, उठून जात नाही. असंही चालतं, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे तिच्या कॅसेटच्या डब्यात आणखी गाणारे आले. एक सर्दीवाला, नाक चोंदल्यासारखा गाणारा, ज्याला रोज सकाळी नव्याने विश्वास ठेवावा लागायचा. दुसऱ्या दोघी बहिणी, गाण्यातल्या गाण्यात एकमेकींशी भांडून माफी मागणाऱ्या. नवरा म्हणायचा, "तुझी माणसं सगळी तुझ्यासारखीच, सरळ काही बोलायचंच नाही." ती म्हणायची, "म्हणून तर घरात तुझी गरज आहे."

आता मास्तरांचं ऐका. मास्तर म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, तिच्या वडिलांचे मित्र. लहानपणी सूर कसा धरायचा हे तिला त्यांनीच शिकवलं. त्यांचे उरलेसुरले दात गेले आणि दुसरीकडून करून घेतलेली कवळी गाताना खाली यायची. तीन महिने ते मागच्या बाकावर तोंड मिटून बसत होते. पाळकांना त्यांनी सांगून टाकलं होतं, "या रविवारी जमलं तर जमलं. नाहीतर उभा राहून जाहीर करतो, दुसरा माणूस बघा."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांचं माप घेतलं. नेमकं त्याच सकाळी टेपरेकॉर्डरने जीव सोडला होता आणि नवऱ्याने पहिल्या बाजूची तीच गाणी हौसेने फोनवर भरून दिली होती. कवळीताईने प्लास्टर ओतलं, फोन लावला आणि दुसऱ्या कामात हात घातला. शेवटचं गाणं संपलं तशी उठली, माप सोडवलं, आणि खालच्या जबड्याची कड बिस्किटासारखी तिच्या बोटांत आली. फोनवरचं शेवटचं गाणं चार मिनिटांचं होतं. काटछाट करून काढलेलं. सोडवताना मऊ मापही फाटलं.

संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी गेली. प्लास्टर खराब निघालं म्हणता आलं असतं. तिने खरं ते सांगितलं.

मास्तरांनी जुनी कवळी अंगठ्याने वर ढकलली. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या बोंबलणाऱ्यांनी माझे दात खाल्ले."

"हो काका."

"देवाचं नाव घेताना ओरडतात कशाला ते? तो काय बहिरा आहे?"

"बुधवारी येता का? पुन्हा माप घेऊ. शनिवारी कवळी हातात देते."

"येतो. पण या वेळी मी स्वतः बसतो, घड्याळ घेऊन. तुझा भरवसा नाही."

आणि खरोखरच बसले. मागच्या खोलीतल्या स्टुलावर, हातातलं घड्याळ काढून ओट्यावर ठेवून. नवऱ्याने अख्खं गाणं शोधून भरलं होतं. कवळीताईने विचारलं, "लावू?" मास्तर म्हणाले, "लाव. शत्रू कोण ते तरी कळू दे."

पहिल्या गाण्याला त्यांनी कानावर हात ठेवले. दुसऱ्याला एकच. तिसऱ्याला बोट गुडघ्यावर ठेका धरायला लागलं, ते त्यांनी दुसऱ्या हाताने दाबलं. शेवटच्या गाण्यात अर्थ विचारला. तिने ओळ ओळ सांगितली.

"जुन्या स्तोत्रांतही माणसं अशीच भांडतात," मास्तर हळूच म्हणाले. "आम्ही ती कडवी गाळून गातो." मग लगेच, "ड्रमवाला मात्र घाईत आहे. गाडी चुकतेय बहुतेक त्याची."

प्लास्टर या वेळी दगडासारखं निघालं.

शुक्रवारी मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे होते. मास्तरांनी ओठ जेमतेम उघडून, चर्चमध्ये बसल्यासारखं, दोन ओळी म्हटल्या. सगळं जागच्या जागी.

"असं नाही काका. एवढ्याशा तोंडात चूक दिसायची नाही. मोठ्याने."

"पुढे डॉक्टरीणबाई आहेत. पेशंट बसलेत."

"बसू देत. त्या बोंबलणाऱ्यांसारखं म्हणा. तू होतास कुठे."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तीन महिने कोंडलेला आवाज बाहेर आला. पुढच्या खोलीत कुणाची तरी पिशवी पडली. खालची कवळी डाव्या बाजूने उचलली गेली, आणि कवळीताईला हवी होती ती जागा दिसली. तेवढीच तिने तासली. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तासली.

"बास?" मास्तरांनी घाम पुसत विचारलं.

"माझं झालं. तुमचं अजून राहिलं असेल तर म्हणा."

त्यांनी आणखी एकदा म्हटलं.

रविवारी ती चौथ्या बाकावर बसली. मास्तर पुढे आपल्या जागी उभे राहिले. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं, बाकांवरचे लोकही पाहू लागले. आज काय जाहीर व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी सूर दिला तो नेहमीपेक्षा वरचा. बायकांच्या बाकांवर धांदल उडाली, पुरुष अर्ध्यातच मागे पडले.

"तू गात का नाहीस?" नवऱ्याने कोपर मारलं.

"थांब. बघू दे."

चार कडवी तिने फक्त खालचा जबडा पाहिला, डावी बाजू. कवळी हलली नाही.

गीत संपलं. मास्तरांनी घसा साफ केला. "गुरुवारी सहा वाजता सराव," ते म्हणाले. "उशिरा येणाऱ्याने येऊच नये. आज आवाज फार बारीक लागले तुमचे."

पाळकांनी पुढच्या गीताचा आकडा सांगितला. कवळीताईने पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून मोकळ्या गळ्याने गायला लागली.