वादळात सायकलवाली निघून गेली

मंडळी, बोलतीया मी, लिहितीया माझी नात. मला अक्षर येत न्हाई, जीभ तेवढी चालती.

आज दुपारी वळवाचं वादळ सुटलं. मलकापूरच्या पुढं, घाटाच्या वाटंला आमचं घर. एक पोरगी एकटीच सायकल घेऊन सोप्यात शिरली, पार भिजलेली. मी चहा ठेवला आणि सवयीनं सुरू झाले.

"कुणाची गं तू? नवऱ्याशी भांडून निघालीस व्हय?"

ती हसली. "नाही आजी, हौस आहे."

"असली हौस? घरात इचारणारं कुणी न्हाई व्हय?"

ती चहा उकळायच्या आत सायकल काढून वाऱ्यात घाट चढाय लागली.

नात म्हणाली, "आज्जे, त्या वाऱ्यापरीस तूच जड झालीस तिला."

वारा अजून थांबला न्हाई. घाटात कुणाला दिसली तर सांगा, म्हातारीला लाज वाटतीया. आणि पोचली का, तेवढं मला कळवा.