लाल खडू

"अरे, झाडू मारायला दोघं निवडायचेत, गादीवर बसवायचे नाहीत! आधी हा का आधी ती, झाडूला काय फरक पडतोय?"

"पण सर, सूत्रात तर..."

"सूत्र मरू दे घटकाभर. झाडू कुणी आधी धरायचा यावरनं भांडण होईल का, तेवढं सांग."

"नाही सर. दोघंही पळून जातील."

वर्ग खिदळला.

"मग ती नुसती निवड. आणि एकाला वर्गप्रमुख, दुसऱ्याला त्याच्या हाताखाली करायचं म्हटलं तर?"

"डोकी फुटतील!"

"तिथं क्रम मोजायचा. जिथं भांडण, तिथं क्रम. घ्या लिहून."

पोरांनी लिहून घेतलं. परीक्षेत पुन्हा उलटंच करणार, हे सरांना ठाऊक होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची नोकरी. ओतून ओतून हात भरून आले होते, आणि हातांच्या आधी गुडघे गेले होते. पोरं माघारी त्यांना 'खडूसर' म्हणायची. खवट स्वभाव आणि सदऱ्यावरची भुकटी, दोन्हींची सोय एका नावात.

त्या दिवशी मात्र त्यांचं चित्त फळ्यावर नव्हतं. शाळेची पटसंख्या घटली होती. गणित शिकवणारे तिघंजण, त्यातले दोघंच राहणार. तिसऱ्यानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत जायचं. दोन बस बदलायच्या आणि वर टेकाड चढायचं. मुख्याध्यापकांना वाईटपणा नको होता. "उद्या मधल्या सुट्टीत नशिबावर सोडू," त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "तुमचा तो शक्यता शिकवायचा डबा आणा, सर. दोन पांढरे खडू, एक लाल. लाल येईल तो जाईल."

"कागदाच्या चिठ्ठ्या करू की," सर म्हणाले होते.

"डबा आहे ना? मग कशाला उगाच कागद फाडत बसायचं!"

सरांनी मान डोलावली. मान डोलवायची सवय लागली की ती सुटत नाही.

सकाळी बायकोनं त्यांच्या गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवली आणि बोलून मोकळीच झाली.

"अहो, पहिला हात तुम्हीच घाला."

"अगं, पहिला काय अन् शेवटचा काय, संधी सारखीच असते."

"मला नका शिकवू! लाल खडू बोटांना गुळगुळीत लागतो, पांढरा खरखरीत, हे तुम्हीच सांगितलंत ना? डोळे झाकून ओळखता. मग घाला की हात आणि घ्या पांढरा. का त्या टेकाडावर गुडघे मी चढवू?"

सरांनी पायमोजे चढवले.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा टेबलावर आला, आणि भूमितीच्या बाई आणि नवा मास्तर यांची जुंपली. बाईंच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. नव्या मास्तराच्या घरी तान्हं मूल.

"मी आधी, बाई. आधी उचलणाऱ्याला दोन पांढरे हाताशी असतात."

"म्हणूनच म्हणते, मी आधी! धाकट्यानं जरा मागं राहावं."

"धाकटा म्हणून जायचं पण मीच, आणि मागं राहायचं पण मीच?"

जिथं भांडण, तिथं क्रम. पण इथं भांडण असूनही क्रमाला काडीची किंमत नव्हती. पहिल्याला लाल यायची शक्यता तिघांत एक, शेवटच्यालाही तिघांत एक. हे वर्गात सांगून सरांचा घसा बसला होता. फक्त एकाचं गणित वेगळं होतं. सरांनी पहिला हात घातला असता, तर तिथं शक्यता उरलीच नसती. नुसती खात्री. दुसरा घातला असता तरी, उरलेल्या दोनांत एक तरी पांढरा असताच, आणि तो त्यांच्याच बोटांना सापडला असता.

टेबलाखाली गुडघा ठणकत होता. सरांनी डबा पुढं सरकवला.

"भांडू नका. तुम्ही दोघं घ्या. मी मागनं."

"सर, मागच्याला उरलंसुरलं मिळतं हां," नवा मास्तर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"सारखंच असतं. हेच शिकवता ना पोरांना?"

बाईंनी हात घातला. पांढरा. नव्या मास्तरानं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, हात घातला. पांढरा. तिसरा खडू बाहेर काढायचीही गरज नव्हती. मुख्याध्यापक "नशीब हो," म्हणाले आणि डब्याकडं न बघता निघून गेले. बाई तळहातावरचा खडू बघत उभ्या राहिल्या. त्यांना तो कुठं ठेवावा ते कळेना.

सरांनी डबा काखेत मारला. बायको संध्याकाळी एकच विचारणार होती, "कितवा हात घातला?" आणि मग दोन-चार दिवस घरात फक्त भांडी बोलणार होती.

घंटा झाली.

पुढचा तास त्याच डब्याचा होता. "तिघांनी पाळीपाळीनं उचलायचं. फायदा पहिल्याला का शेवटच्याला?" सरांनी विचारलं. आवाजात जीव नव्हता. मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. सदानकदा हुज्जत घालते म्हणून वर्ग तिला 'वकील' म्हणायचा.

"सर, पण संधी सारखी म्हणायला आधी खडू हाताला सारखे लागायला पाहिजेत ना? लाल वेगळा लागतो. मागच्या खेपेला मी तो मुद्दाम सोडला."

मोजायच्या आधी बघा, सगळ्यांची संधी सारखी आहे का. एवढं एकच वाक्य पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून सरांनी जन्म घालवला होता. शिरलं ते आज. सरांना हसू आलं, पण बाहेर आला तो खोकला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"जिंकत होते ना, सर."



"ये इकडं," सर म्हणाले. "कागद फाड, सारखे तुकडे कर. आता चिठ्ठ्यांवर खेळू. बाकीच्यांनी तोंडं मिटा, वह्या उघडा."

एक हात गुडघ्यावर टेकून ते उठले. फळ्याच्या कडेला पांढरा खडू शिल्लक नव्हता. त्यांनी डब्यात उरलेला लाल काढला आणि त्याच खडूनं पहिलं उदाहरण लिहायला घेतलं.