कोरडं पाणी

हळद शिजवल्याचा वास आला की सांगलीतली माझी चूक आठवते. पुराच्या दिवसांत उपग्रहाच्या रडारचित्रावरून पाणी कुठवर आलं ते नकाशावर दाखवायचं काम माझ्याकडे होतं. त्या चित्रात पाणी काळं दिसतं. एका गल्लीमागे मोठा काळा चौकोन दिसला आणि मी ती गल्ली पाण्यात दाखवली. लोकांना शाळेत हलवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर काय, तो हळद वाळवायचा मोकळा सिमेंटचा कोबा होता, गुळगुळीत म्हणून रडारला पाण्यासारखा दिसलेला. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना त्यापायी खाटेवरून पावसात नेलं होतं. मी शाळेत जाऊन त्यांच्या नवऱ्यापुढे हात जोडले. "आवं सायेब, कोब्याला पाणी म्हणतंय व्हय तुमचं यंत्र?" म्हातारबा हसले आणि त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. आजी बायकांच्या घोळक्यात उशीला टेकून खिचडी खात होत्या, गप्पा रंगल्या होत्या. "चार वर्सांत एवढी बोलली न्हाई. घरी चल म्हटलं तर रुसतीया. फुडच्या साली बी असंच चुका!" आता मी कोब्याला फसत नाही, पण दर पावसाळ्यात आजींना गाडीत बसवून पुरात शाळेत भेटलेल्या त्या मैत्रिणींकडे नेऊन आणतो.