टाकीचा चहा

बशीत चहा ओतायचा, ती बशी समोरच्याच्या नाकाखाली धरायची आणि विचारायचं, "वास येतोय का? खरं सांगा गुरुजी, येतोय का?"

तात्यांच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला या परीक्षेला बसावं लागे. उत्तर ठरलेलं होतं, "नाही." वास यायचा तो आल्याचा. गोडीबद्दल तर विचारूच नका, एक कप प्यायला की दुपारपर्यंत तोंड चिकट राहायचं. पण नुसता चहा पिऊन भागत नसे. 'नाही' हा शब्द कानावर पडेपर्यंत तात्या बशी खाली घेत नसत.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. ज्याला एकच गोष्ट मनापासून आवडते आणि ती सगळ्या जगाला आवडावी असं ज्याला वाटतं. कुणाला बैल, कुणाला भजन. आमच्या तात्यांना गोबर गॅस.

मी मूळचा बेलापूरचा. नोकरी लागली ती पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गोदाकाठच्या गावातल्या शाळेत, आणि खोली मिळाली ती तात्यांच्या घरासमोर. सामान उतरवत होतो तेव्हाच ते आले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "टाकी वर आलीय. चला, चहा घ्या."

मला वाटलं पाण्याची टाकी भरून वाहतेय की काय. मग त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. जमिनीत बांधलेली विहिरीसारखी गोल खोली, तिच्यात शेण आणि पाणी कालवून सोडलेलं, आणि वर उपडी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस धरला की टाकी हळूहळू वर उचलली जाते, चूल पेटली की खाली बसते. तात्यांच्या वडलांनी ती बसवलेली. गंज धरू नये म्हणून तात्या दरवर्षी पावसाळ्याआधी तिला चंदेरी रंग द्यायचे. घराची भिंत मात्र किती वर्षं बिनरंगाची होती ते त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना विचारावं. त्या मोजून सांगायच्या.

टाकी पूर्ण वर आली की तात्या अस्वस्थ होत. आणखी गॅस धरला तर तो कडेनं बुडबुडत बाहेर जातो. "जाळला तर भाकर हुती, मोकळा सुटला तर हवा तापिवतो," ते म्हणायचे. "कडंला बुडबुडा आला की माझ्या पोटात दुखतं, गुरुजी." म्हणून टाकी भरली की ते रस्त्यावर उभे राहून चहाला माणसं धरत. सायकलवाला, मोटारसायकलवाला, एकदा तर लाईटबिल वाटणारा. तो बिचारा घाबरून आत आला, आपण काय चुकलो असं त्याला वाटलेलं.

या वेडामागे त्यांची आई होती. ते एकदा नदीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडं काठानं नुसत्या बाभळी हुत्या. कुठं गेल्या? आमच्या चुलीत गेल्या. आईनं निम्मा काठ जाळला, आन् त्या धुरानं आईला जाळलं." आई खोकत खोकत गेली होती. पुढे काकूंनाही दमा लागला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, धूर बंद. टाकीचा गॅस कमी पडला तर घरात सिलिंडरही होता, पण तोही संपला की पुढचा येईपर्यंत काकू गुपचूप मागच्या चुलीकडे वळायच्या. चुलीवरच्या भाकरीची चव त्यांना सोडवत नव्हती हेही खरं. मग पुढचे दोन दिवस समोरच्या घरातून मला त्यांचा खोकला ऐकू यायचा.

मग एका वर्षी चाऱ्याची टंचाई आली आणि गोठ्यातल्या म्हशी विकाव्या लागल्या. उरल्या दोन गाई. शेण कमी पडलं, टाकी जी खाली बसली ती वर येईना. काकू पुन्हा चुलीपुढे. तात्या काही दिवस टाकीभोवती फेऱ्या मारत होते. मग एके दिवशी त्यांच्याकडे गवंडी आला, अंगण खणलं गेलं, पाईप पुरला गेला. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "उद्घाटनाला या, कळंल."

उद्घाटनाला नारळ फोडला. भजनी मंडळ आलं होतं, शेजारचे आबा आले होते. आबा म्हणजे तात्यांचे लहानपणापासूनचे मित्र. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, रोज संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर हजेरी. तात्यांच्या घरचा चहा जितका त्यांनी प्यायला असेल तितका स्वतःच्या घरचाही प्यायला नसेल. पोहे झाले, चहा आला. सगळ्यांच्या हातात कप गेले. आणि तात्या उभे राहून, चेहरा नुसता फुललेला, म्हणाले, "मंडळी, टाकी परत वर आली. मी संडासाचा पाईप टाकीला जोडला. शेन आन् हे, दोन्ही. हा चहा त्या गॅसवरचा पहिला चहा. घ्या."

तोंडाशी गेलेले कप तिथेच थांबले. कुणी हळूच पायरीवर ठेवला. एकाला एकदम फोन आला, मोबाईल वाजला नव्हता तरी. आबा म्हणाले, "माझा उपास हाय." त्यांच्या मिशीला अजून पोह्यातली कोथिंबीर लागलेली होती.

मी प्यायलो. त्यात शूरपणा काही नव्हता. आम्ही ख्रिस्ती, आमचे पणजोबा नगरकडच्या मिशनरींच्या वेळी ख्रिस्ती झालेले. त्याआधी त्यांच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. नंतर घरात शाळा आली, पुस्तकं आली, मास्तर झाले, बाया नर्स झाल्या. तरी पाहुण्यानं हातातला कप घेतल्यावर त्याचं पुढे काय केलं, याकडे आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांचं लक्ष शेवटपर्यंत असायचं. मी त्यांच्या मांडीवर वाढलेला. समोरच्यानं दिलेला कप खाली ठेवायला माझा हात वळत नाही. चहा नेहमीसारखाच होता, साखरेचा पाक. तात्यांनी माझ्या नाकाखाली बशी धरली आणि विचारलं. मी म्हणालो, "नाही." त्या दिवशी तेवढा एकच 'नाही' त्यांना मिळाला.

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "तात्या, सांगायचं कशाला होतं?"

ते पायरीवरचे कप गोळा करत होते. "मग काय, लपवून पाजू? आबाला?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. शेणावरचा चहा वर्षानुवर्षं चालला, तर हा का चालू नये? ज्वाला तीच, निळी. जळून गेल्यावर त्यात काय उरतं? त्यांनी हे मलाही समजावलं, आबांनाही समजावलं, दूध डेअरीच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही समजावलं. जितकं समजावलं तितका गावाचा नकार पक्का झाला. सगळ्या गावाला एकाच महिन्यात शुगर निघाली. कुणाला ॲसिडिटी झाली, कुणी आत्ताच घेऊन आलेला असे. आबा रोज यायचे, त्याच जागी बसायचे, तासभर बोलायचे आणि कोरड्या तोंडानं घरी जायचे. तात्या त्यांना पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "नळाचं हाय, घे." आबा हसायचे, पण पाणीही अर्धंच प्यायचे.

तात्यांनी हे हसण्यावारी नेलं. संक्रांतीला मात्र हसू थांबलं. काकूंनी हळदीकुंकू ठेवलं, केशर घालून दूध आटवलं. बायका आल्या, वाण घेतलं, तिळगूळ पदरात बांधला आणि दुधाला हात न लावता निघून गेल्या. काकू सगळे पेले परत पातेल्यात ओतत होत्या, तेवढ्यात, वाण घ्यायला गेलेल्या माझ्या बायकोला न्यायला मी तिथे पोचलो. काकू तात्यांना म्हणत होत्या, "मला धूर परवडला. दम लागला तर लागला. पर घरात बाया येत न्हाईत, हे मला सोसायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या अंगणात टिकाव घेऊन उभे होते. पाईप पुरला होता तिथेच. टिकाव उचलला नव्हता, नुसते टेकून उभे. मी दात घासता घासता थांबलो. काकू दारात आल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "राहू द्या."

"अगं, तूच काल..."

"म्हनले. पर ह्या थंडीत मी एकदा तरी खोकले का? आठवा बरं." मग म्हणाल्या, "बाया काय, येतील कवातरी."

तात्यांनी टिकाव गोठ्यात नेऊन ठेवला. परत आले तेव्हा उपरण्यानं डोळे पुसत होते आणि मला म्हणाले की वारा फार आहे. वारा अजिबात नव्हता.

त्या दिवसापासून घरात दोन चहा सुरू झाले. पाहुण्यांसाठी सिलिंडर. तात्या दारातच विचारायचे, "टाकीचा का सिलिंडरचा?" माणूस ओशाळून सिलिंडरचा म्हणे. तात्या रागवत नसत, पण सोडतही नसत. "सिलिंडरमधलं तरी काय हाय रं? कोन जाने कवा मेलेल्या जिवांचं पानी, जमिनीतून उपसलेलं, कुठल्या कुठल्या देशातून आनलेलं. तुमाला कैक लाख वर्सांचं शिळं चालतं. माझं कालचं हाय, ताजं!" पाहुण्याच्या घशाखाली मग तोही चहा उतरत नसे. काकू आतून ओरडायच्या, "पिऊ द्या की त्यांना!"

आबांनी सिलिंडरचाही कधी घेतला नाही. मला वाटतं, दुसरा चहा घेणं त्यांना जास्त लाजिरवाणं वाटत असावं. तात्या मला एकदा म्हणाले, "गुरुजी, सगळं गाव नको. आबानं एकदा घ्यावा. एक बशी. मग मी काय बोलनार न्हाई." मी आबांकडे शब्द टाकून बघितला. आबा माळेवर बोट फिरवत म्हणाले, "मला त्याचं मन कळतं. पर हात उचलत न्हाई, काय करू?"

मागच्या थंडीत तात्या गेले. सकाळी शेण कालवता कालवता टाकीजवळ खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. घाटावर नेईपर्यंत काकू एवढंच म्हणत होत्या की शेण कालवायचं अर्धंच राहिलंय.

गावात अशा घरात राख सावडेपर्यंत चूल पेटत नाही. आबांच्या घरून पिठलं-भाकरी यायची, बाकीच्यांकडून किटलीतून चहा. चाकणला कंपनीत असलेला तात्यांचा मुलगा आला होता. त्याला काय करावं कळत नव्हतं, म्हणून तो रोज सकाळी वडलांसारखं शेण कालवून टाकीत सोडायचा. शेण पडत होतं आणि शेगडी बंद होती. टाकी वर वर येत गेली.

राख सावडून झाली त्या दिवशी आम्ही ओट्यावर बसलो होतो. कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे गोठ्यामागचा आवाज स्पष्ट येत होता. टाकी पार वर आलेली, आणि कडेनं गॅस बुडबुडत होता. काकू आतून उंबऱ्यापाशी आल्या.

"ऐकू येतंय का?" त्या म्हणाल्या. "वाया चाललंय. त्यांना सोसलं नसतं."

आबा उठले. मला वाटलं घरी निघाले. ते उंबऱ्याशी गेले आणि म्हणाले, "वैनी, आता पेटवायला हरकत न्हाई. चहा टाका."

"सिलिंडरवर टाकते, आबा."

"सिलिंडरवर नको. टाकीवर."

काकूंनी पदर खोचला. मग आत गेल्या. आलं ठेचल्याचा आवाज आला. काकू चहा घेऊन आल्या. आबांनी कप घेतला, माळ सदऱ्याच्या आत सारली, चहा बशीत ओतला. बशी स्वतःच्याच नाकाखाली धरली आणि तशीच धरून ठेवली, जरा जास्तच वेळ. मग फुंकर न घालता चहा प्यायले.

ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, तात्या बसायचे ती जागा मोकळी होती. आबा तिकडे बघून म्हणाले, "न्हाई येत रं. वास न्हाई येत."

आणि बशी पुन्हा पुढे केली. काकूंनी ओतला.