खाली घ्यायची घाई

समाचाराला येणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. तो तिटकारा तापीकाठच्या गावी, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जन्मला. नवं मध्यप्रदेश राज्य झालं, कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या आणि ह्यांची बदलीही तिकडेच झाली. सासूबाईंचं आजारपण माझ्याकडे राहिलं. त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आडवं निजवू नका, श्वास कोंडेल. त्या रात्रंदिवस बाजेवर लोडाला टेकून बसत.

लोक केळी घेऊन येत, दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाच्या गोष्टी रंगवून सांगत, चहा पीत आणि उठताना म्हणत, “काय सोशीक आहेत!” सोशीक? भात फडफडीत झाला तर त्या ताट सरकवत. वेणी स्वतःच घालत. निम्म्यात धाप लागली की थांबत, पण मला हात लावू देत नसत. “तुझी वेणी सैल असते,” म्हणत. त्या कशावर तगून होत्या, हे मला त्या वेणीवरून कळलं.

एका दुपारी धाप फार वाढली. शेजारणीला बसवून मी डॉक्टरांकडे धावले. “इंजेक्शन घेऊन मागोमाग येतो,” ते म्हणाले. परतले तर सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, राजघाटावरून तापीच्या पाण्याचा लोटा भरून हजर! जमीन ओली सारवलेली, वर दर्भ पसरलेले. आत्याबाईंनी सासूबाईंच्या काखेत हात घातलेला आणि सासूबाईंनी बाजेची कड गच्च धरलेली.

“खाली घे हिला. जीव अडकलाय.”

“आडवं केलं तर जातील त्या, आत्याबाई.”

“मग बाजेवर मरू देतेस? गती नाही मिळायची! दोन बुकं शिकली, तर लागली आम्हाला शिकवायला.”

“वन्सं,” सासूबाई एकेक शब्द ओढत म्हणाल्या, “एवढी हौस... तर तुम्हीच निजा. सारवलंय... छान.”

शेजारीण फिसकन हसली. मी दर्भ गोळा करून बाहेर टाकले, लोटा आत्याबाईंच्या हातात दिला आणि डॉक्टर येईपर्यंत बाजेपाशी उभी राहिले. चहा न घेता गेलेल्या आत्याबाई पहिल्याच.

सासूबाई त्यानंतर पोळा, दिवाळी, होळी पाहून गेल्या. गेल्या त्या बसूनच, वेणी अर्धी राहिलेली. ती मी घट्ट घातली आणि मगच त्यांना खाली घेतलं.

तेराव्याला आत्याबाई डोळ्यांना पदर लावून सगळ्यांना सांगत होत्या, “काय सोशीक होती हो माझी वहिनी!”

मी त्यांच्या पानात भात वाढला. फडफडीत.