झिराडकर मॅडम आणि ज्यूद्वेष हा शब्द

स्टाफरूममध्ये कोणी मोठा शब्द वापरला की झिराडकर मॅडम हातातले काम थांबवत आणि विचारत, "कोणाबद्दल म्हणताय? आणि काय केलं त्याने?" कोणी मुख्याध्यापकांना हुकूमशहा म्हटले, कोणी शेजाऱ्याला देशद्रोही म्हटले, की हा प्रश्न ठरलेला. आवाज चढलेला नसे. एखाद्याला पेन मागावे तसे विचारत. समोरच्याला मग घडलेली गोष्ट सांगावी लागे, आणि सांगता सांगता शब्द बहुधा लहान होऊन जाई. नव्या मास्तरांना याचा राग यायचा. मलाही आला होता.

मी ऐंशीच्या सुमारास पांढुर्ण्याच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. मी मूळचा रामाकोन्याचा, राहायला सौसरला. रोज बसने ये-जा करायचो. मॅडम इतिहास शिकवत. पन्नाशीच्या, बुटक्या, पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांचे यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यांच्या बदलीबरोबर त्या इथे आल्या. यजमान वारले, मूलबाळ नव्हते, नोकरी होती, म्हणून राहिल्या. नाव मिल्का. गावाने त्यांना ख्रिश्चन धरून टाकले होते. नाताळला मुली शुभेच्छा द्यायच्या आणि त्या हसून घ्यायच्या.

त्या कोण, हे गावाला कळले ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलभाऊ, संत्र्यांचे व्यापारी, भाषणाला उभे राहिले. मनाने वाईट माणूस नव्हता. शाळेच्या दोन खोल्या त्यांनी पदरच्या पैशाने बांधल्या होत्या. पण शिस्तीवर बोलता बोलता गाडी जर्मनीत गेली. "आपल्या देशाले असा एक हिटलर पाहिजे," ते म्हणाले. "त्या ज्यू लोकायनं त्याचा देश आतून पोखरून टाकला होता. त्यानं साफ केला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनीही वाजवल्या.

आभार मानायचे काम मॅडमकडे होते. त्यांनी पाहुण्यांचे, पालकांचे, मांडववाल्याचे आभार मानले. मग त्याच सुरात म्हणाल्या, "अध्यक्षांनी ज्यू लोकांचा उल्लेख केला. मुलांनो, तुमच्यापैकी कोणी ज्यू माणूस पाहिला नसेल असं वाटत असेल, तर मी ज्यू आहे. माझे वाडवडील कोकणात तेल गाळायचे. ज्यांना साफ केलं असं आता सांगितलं, त्यांत तुमच्याएवढी मुलं होती. राष्ट्रगीतासाठी उभे राहा."

विठ्ठलभाऊ नंतर चहाच्या टेबलाशी आले. चेहरा उतरला होता. म्हणाले, "बाई, आमाले माहीत नव्हतं जी. तुमच्याबद्दल नव्हतं ते."

"माझ्याबद्दल नव्हतंच," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना तुम्ही कधी पाहिलंच नाही, त्यांच्याबद्दल होतं. एका माणसाने काही केलं म्हणून नाही, ज्यू आहेत म्हणून. त्यालाच ज्यूद्वेष म्हणतात."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी संत्र्यांची टोपली आली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि निम्मी स्टाफरूममध्ये आणली. पुढच्या वर्षीही टोपली आली.

या शब्दाबद्दल मी त्यांना पुष्कळ विचारले, कारण भाषांतरावरून आमचा वाद झाला होता. 'अँटिसेमिटिझम' या इंग्रजी शब्दाची फोड करून मी मुलांना 'सेमिटिकविरोध' असे लिहून दिले होते. त्यांनी फळ्यावरचे ते पुसले. 'सेमिटिक' हे भाषांच्या कुळाचे नाव, असे त्यांनी मला समजावले. हिब्रू त्यात येते, अरबीही येते. पण शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत ज्यांनी हा शब्द चालवला, त्यांना भाषांशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना फक्त ज्यूंबद्दल बोलायचे होते. धर्मावरून वैर करणे जुनाट दिसते, म्हणून त्याला शास्त्राचा सदरा घातला. लाज वाटून नव्हे, अभिमानाने ते स्वतःला तसे म्हणवत. मराठीत आपण तो सदरा कशाला शिवायचा? सरळ ज्यूद्वेष लिहा.

हे त्यांना कुठल्या वर्गात शिकवले नव्हते. त्या लहान असताना भायखळ्याला त्यांच्या चाळीत एक जर्मन ज्यू दंतवैद्य राहायला आला होता, पळून आलेला. मॅडमच्या आईने त्याला बाजारापुरते मराठी शिकवले. त्याचे आईवडील मागे राहिले होते. महायुद्ध संपल्यावर तो त्यांच्या पत्रासाठी रोज पोस्टात जायचा. मग एक दिवस जायचा थांबला. "आम्हाला कोकणात कुणी कधी दगड मारला नाही," मॅडम सांगत. "शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून. तेवढंच. तो शब्द मी त्या डॉक्टरांकडून घेतला. दुसऱ्याची वस्तू आहे, जपून वापरायची."

जपून म्हणजे किती, ते मला लवकरच कळले. त्या भाड्याची खोली बदलत होत्या आणि एका घरमालकाने होकार देऊन मग नकार दिला. मी तावातावाने म्हणालो, हा ज्यूद्वेषच. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "नाही हो सोमकुवर सर. त्याला सुकटीचा वास आला. तो सुकटद्वेष."

एकदा बोलता बोलता मी म्हणालो, आम्हा बौद्धांचे आणि तुमचे दुःख एकच. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, ते मी त्यांना सांगितले होते. त्यांनी हातातले काम थांबवले. मग म्हणाल्या, "एक नाही. शेजारी बसवा, पण एकात कालवू नका. तुमच्याकडे जे झालं ते अस्पृश्यता. त्याला कुणी 'जुन्या चालीरीती' म्हणू लागला तर तुम्ही भांडता ना? तसंच." मला तेव्हा ते थोडे कोरडे वाटले. घरी जाताना बसमध्ये विचार करत होतो, आणि उतरेपर्यंत पटले होते.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात मात्र हे सगळे अंगाशी आले. लेबनॉनमध्ये लढाई चालू होती, इस्रायलच्या फौजेने बेरूतला वेढा घातला होता, रेडिओवर रोज बातम्या. आमचे गणिताचे कुरेशी सर तरुण, तापट आणि अजून कायम न झालेले. दहावीच्या वर्गात गणित सोडून ते या लढाईवर बोलले. एका पोराने घरी सांगितले, आणि गोष्ट विठ्ठलभाऊंपर्यंत गेली.

गॅदरिंगनंतर विठ्ठलभाऊंच्या मनात मॅडमबद्दल फार आदर होता. शिवाय तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला होता. त्यांनी संस्थेची बैठक बोलावली आणि सांगितले की कुरेशी मास्तर ज्यूद्वेष शिकवून राहिला, असा माणूस आपल्या शाळेत नको. बाईंनी फक्त तक्रार द्यावी, बाकी संस्था पाहील. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे होतो. कुरेशी भिंतीशी खुर्चीवर बसले होते. घरी म्हातारे आईवडील, लग्नाची बहीण. सगळ्यांना ते माहीत होते.

मॅडमनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. ते नेमके काय बोलले?

विठ्ठलभाऊ म्हणाले, "त्या सरकारले खुनी म्हणून राहिला. शहरावर बॉम्ब टाकून राहिले, लेकरं मरून राहिली, असं शिकवते पोराइले."

"यात सरकार आहे, फौज आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्यू कुठे आहेत? एखाद्या सरकारला शिव्या देणं म्हणजे द्वेष नाही. आपण दिल्लीला रोज देतो."

मग त्यांनी सांगितले, जे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. त्यांची धाकटी बहीण इस्रायलला जाऊन स्थायिक झाली होती आणि तिचा मुलगा त्याच फौजेत होता. "कुरेशी सर जे बोलले त्यातलं निम्मं मला पटत नाही. रेडिओ लावला की माझे हातपाय गार पडतात. पण मला पटत नाही म्हणून त्याला तो शब्द लावता येत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी कुरेशींकडे वळून विचारले, "आणखी काही बोललात?"

त्यांनी विचारायला नको होते, असे मला वाटले. कुरेशी खुर्चीवरून उठून उभे राहिले. खोटे बोलले असते तर त्या बैठकीत कोणी पकडले नसते. ते म्हणाले, "एक वाक्य बोललो मॅडम. ज्यू कौमच अशी असते, तिच्या रक्तातच दगा आहे, असं."

विठ्ठलभाऊंनी टेबलावर हात आपटला. मॅडमनी त्यांना थांबवले.

"हे वाक्य मात्र ज्यूद्वेष आहे," त्या म्हणाल्या.

कुरेशी उसळले. इंग्रजीत त्याला सेमिटिकविरोधच म्हणतात ना, अरबही सेमिटिकच, आमच्या पैगंबरांची भाषा सेमिटिक, मग मी सेमिटिकांचा द्वेष कसा करीन, असे त्यांनी विचारले. मॅडमनी लगेच उत्तर दिले. "तेल हा शब्द तिळावरून आला. म्हणून जवसाचं तेल तेल नाही म्हणाल? शब्द कशावरून आला ते नका सांगू. तो कशाला वापरतात ते पाहा. तुम्ही फौजेबद्दल बोलत होतात तोवर मी ऐकत होते. रक्तावर आलात, तेव्हा त्यात मी आले, माझी आई आली, तो दंतवैद्य आला. आम्ही कोणावर बॉम्ब टाकला?"

कुरेशींचे डोळे भरून आले. मॅडमनाच आपण असे बोललो, हे त्यांच्या आता ध्यानात आले असावे. "जबान आगे निकल गई, मॅडम," ते म्हणाले. "वह जुमला मैं वापस लेता हूँ."

"माझ्याकडे नको, वर्गात घ्या. बाकीचं बोलणं मागे घ्यायची गरज नाही." मग त्या विठ्ठलभाऊंना म्हणाल्या, "मी तक्रार देणार नाही. वाक्य चुकीचं होतं, माणूस तसा नाही. आणि भाऊ, हा शब्द ज्यूंच्या रक्षणासाठी आहे. मुसलमान मास्तराला काढण्यासाठी नाही. असा वापरलात तर खऱ्या वेळी मी तो उच्चारला की लोक म्हणतील, बाईंचं रोजचंच आहे."

विठ्ठलभाऊ रागावले. आपण बाईंची बाजू घेतली आणि बाईंनीच आपल्याला तोंडघशी पाडले, असे ते पुढे कित्येक महिने सांगत होते. संत्र्यांची टोपली त्या वर्षी आली नाही. पण तक्रारच नव्हती, तेव्हा कुरेशी राहिले, आणि वर्षभराने कायम झाले. वर्गात त्यांनी ते वाक्य मागे घेतले, हे मुलांनीच मला सांगितले. मॅडमशी मात्र ते महिनाभर नीट बोलले नाहीत. लाजले होते की दुखावले होते, कोण जाणे. मॅडमनी त्यांना बोलते करायचा प्रयत्न केला नाही. पुढे बहिणीच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला ते स्वतः त्यांच्या घरी गेले.

बहिणीचा मुलगा लढाईतून सुखरूप परतला. मॅडम निवृत्त झाल्या आणि भावाकडे अलिबागला गेल्या. इस्रायलला का जात नाही, असे मी विचारले, तर म्हणाल्या की तिकडे सुकट चांगली मिळत नाही. दोन वर्षांनी त्या वारल्या. भावाचे कार्ड शाळेच्या पत्त्यावर आले.

प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी मुलांना दोन मिनिटे उभे केले. नव्या मुलांनी मॅडमना पाहिलेही नव्हते. मुले वर्गाकडे निघाली तेव्हा सहावीच्या एका मुलीने कुरेशी सरांना विचारले, "सर, त्या मॅडम ख्रिश्चन होत्या का जी?"

कुरेशी थांबले. "नाही," ते म्हणाले. "ज्यू होत्या."

"ज्यू म्हणजे?"

पहिल्या तासाची घंटा झाली होती. कुरेशींनी सहावीच्या वर्गाला ओट्यावर बसवले, स्वतः समोर बसले, आणि कोकणच्या तेलाच्या घाण्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यांचा पहिला तास दहावीवर गणिताचा होता. त्यांच्याऐवजी मी तिथे जाऊन बसलो.