दुसऱ्यांदा घातलेलं तेल

सुभेदार तेल एकदाच घालायचे. दुसऱ्यांदा मी घालत होतो. हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही आणि देवापुढं हात जोडतानाही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विट्यात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारानं त्या सुमाराला हौसेनं एक छोटं विमान आणलं. विमान म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणलेलं कापड, एकामागं एक दोन खुर्च्या आणि पाठीशी पंखा फिरवणारं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. ते कराडजवळच्या धावपट्टीवर पत्र्याच्या शेडमध्ये असायचं. चालवायला मलकापूरचे एक निवृत्त सुभेदार होते, फौजेत असताना उडायला शिकलेले. इंजिनाला मिस्त्री हवा म्हणून बागायतदार माझ्या दारात आला. म्हणाला, "घाबरू नको. तुझ्या मोपेडचाच थोरला भाऊ हाय."

मी घाबरलो नाही, फुगलो. पेंटरला बोलावून गॅरेजच्या पाटीवर एक लहानसं विमान काढून घेतलं. गिऱ्हाईक वाढलं.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो, म्हणजे जागच्या जागी आवळून बसतो. जास्त झालं तर तेल नीट जळत नाही, काजळी साठते, पिस्टनच्या रिंगा त्या काजळीत रुतून बसतात, ताकद जाते आणि शेवटी पिस्टन धरतोच. रस्त्यावर एवढ्यानं काही बिघडत नाही, गाडी ढकलत आणता येते. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तकात एका कॅनला किती तेल ते स्पष्ट लिहिलं होतं.

सुभेदार ते माप स्वतः घालायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. काचेच्या नळीत तेल डोळ्यांसमोर धरून मोजायचे, कॅनमध्ये ओतायचे आणि कवायतीच्या सुरात ओरडायचे, "तेल घातलं!" मग मी शेडमधून उलट ओरडायचं, "घातलं!" असा त्यांचा दंडक. पहिल्या वेळी मला हसू फुटलं.

"हसतोस काय मिस्त्री?" ते म्हणाले. "हातानं केलेलं माणूस इसरतो. तोंडानं वरडलेलं न्हाई इसरत. आन् वर गेल्यावर कडंला गाडी लावायला झाड नसतं, गड्या."

कॅन हलवून ठेवला की ते धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायला आणि वाऱ्याचा अंदाज घ्यायला जायचे. ते पाठमोरे झाले की मी तेलाचा डबा पुन्हा उचलायचो.

मी मूळचा जतचा. तिथं ज्याच्या हाताखाली शिकलो त्याच्याकडं येणाऱ्या मोपेडी दोन्ही अंगाला पाण्याचे कॅन लादून भर मे महिन्यात चढ चढायच्या. तो सरळ तेल वाढवून द्यायचा, आणि त्या चालायच्या. धूर ओकत चालायच्या, पण चालायच्या. विमानाचं इंजिन तर मुळात बर्फावर पळणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेलं, असं बागायतदारानंच सांगितलं होतं. मला मनापासून वाटायचं, ज्यानं हे पुस्तक लिहिलं त्यानं जतचं ऊन बघितलं असतं तर माप बदललं असतं. एकदा चाचरत बोललोही.

"आवं सुभेदार, आपल्याकडं ऊन लय. थोडं वाढवायचं का तेल?"

"पुस्तकात काय लिवलंय?"

"एक माप."

"मग एक माप."

विषय संपला. तिथून पुढं मी न विचारता घालू लागलो. अंदाजानं, साधारण तेवढंच अजून. त्यांच्या जिवासाठी करतोय असं स्वतःला सांगायचो. ते अगदीच खोटं नव्हतं. पण जिवाचीच काळजी असती तर भांडलो असतो. मला पुस्तकापेक्षा शहाणं व्हायचं होतं, आणि ते कुणाला कळू न देता.

इंजिन आपल्या परीनं सांगत होतं. चांगल्या इंजिनाच्या प्लगचं टोक भाजक्या बिस्किटाच्या रंगाचं असतं. आमचे प्लग काळे, ओलसर निघायला लागले. सुभेदार यायच्या आत मी ते तारेच्या ब्रशनं घासून ठेवायचो. विमान उचलायला धावपट्टी जास्त लागू लागली.

"मिस्त्री, आज लय पळावं लागलं."

"वारा पडलाय, सुभेदार."

हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडून काजळी काढायची वेळ आली होती. ती मी पुढं ढकलत राहिलो, कारण उघडलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं.

ऊस तुटून जाण्याचे दिवस होते. बागायतदाराला त्या सकाळी वरून कृष्णा बघायची होती. तो मागं बसला. सुभेदारांनी पूर्ण रेस दिली, विमान उचललं, धावपट्टीचं टोक ओलांडलं आणि इंजिनाचा आवाज जाड झाला. मग लोखंड ओरबाडल्यासारखा एक कर्कश आवाज आला आणि पंखा उभा राहिला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा मला स्पष्ट ऐकू आल्या.

सुभेदारांनी धावपट्टीकडं मागं वळायचा मोह टाळला; तेवढ्या कमी उंचीवर वळताना विमान कोसळतं. नाक खाली ठेवलं आणि तुटलेल्या उसाच्या रानात, सरींच्या दिशेनं विमान उतरवलं. पुढचं चाक वाकलं, एवढंच. मी धावत पोचलो तेव्हा बागायतदार एका पायात चप्पल घालून उभा होता आणि "च्या मिळंल का कुठं?" असं विचारत होता. सुभेदार हसत होते. त्यांचं ते शेवटचं मोकळं हसू.

बागायतदारानं पुण्याहून ओळखीचा एक इंजिनिअर आणला. त्यानं हेड उघडायला लावलं, पिस्टन बाहेर काढला. रिंगा काजळीत गाडल्या गेलेल्या. टाकीतलं उरलेलं पेट्रोल त्यानं बाटलीत घेऊन, पुस्तकातल्या मापानं केलेल्या मिश्रणाशेजारी उजेडाला धरलं.

"मिश्रण कोण करतं?"

"मी," सुभेदार म्हणाले.

"यात दुप्पट तेल आहे. आणि हे काही आजचं नाही, काजळी कित्येक महिन्यांची आहे. तुम्ही घालता, विसरता आणि पुन्हा घालता."

सुभेदार रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्या वयात सगळेच विसरतात तसे तेही चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे. त्या सगळ्या चुका ते मनातल्या मनात गोळा करत असावेत. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. पिस्टन माझ्याच हातात होता.

"मिस्त्री, तू दर येळंला असतोस. मी दोनदा वरडायचो का रं, तेल घातलं म्हणून?"

तिथं बोलायचं होतं. बागायतदार समोर, पुण्याचा माणूस समोर, आणि माझ्या डोळ्यांसमोर गॅरेजची पाटी.

"कवा कवा... वरडला असाल. ध्यानात न्हाई."

"व्हय?" ते म्हणाले. एवढंच.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी स्कूटरची किल्ली काकींच्या हातात दिली, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या. पुन्हा घेतली नाही. विमान दुरुस्त झालं, पण त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि दुसरं कोणी चालवणारं नव्हतं. पुढं बागायतदारानं ते विकून टाकलं. चहाच्या टपरीवर पोरं चेष्टा करायची, "सुभेदार, च्या घेणार? का दोनदा घेऊन झाला?" ते हसायचे आणि खरोखर क्षणभर विचार करायचे, घेतला का म्हणून. ते मी बघितलं आहे.

मी अधूनमधून त्यांच्याकडं जात राहिलो. काकी कौतुकानं म्हणायच्या, "बघा, मिस्त्री इसरला न्हाई तुमास्नी." फौजेतल्या गोष्टी सांगण्यात सुभेदारांचा हात कुणी धरला नसता. पण आता ते तोंड उघडायचे आणि थांबायचे.

"हे तुला सांगितलं का रं मी मघाशी?"

त्यांनी सांगितलेलं नसायचं. "न्हाई, सांगा की," मी म्हणायचो. ते माझ्या तोंडाकडं बघायचे. मी मन राखायला म्हणतोय असं त्यांना वाटायचं. हळूहळू त्यांनी गोष्टी सांगणंच सोडलं. जेवताना काकींना विचारायचे, "गोळी घेतली का मी?" पाण्याची मोटार चालू करून आले की विचारायचे, "चालू केली न्हवं?" जो माणूस इंजिन बंद पडल्यावर सरी बघून विमान उतरवतो, त्याला स्वतःच्या हातानं दाबलेल्या बटणाची खात्री राहिली नव्हती.

ते वारले तेव्हा मी मलकापूरला गेलो. काकी म्हणाल्या, "शेवटच्या दिसापातूर समदं ध्यानात हुतं बघा त्यांच्या. नातवंडांचे वाढदिवस, फौजेतली माणसं, समदं. उगंच भ्यायचे. त्या इमानापासनं कायतरी इसरल्यागत भ्यायचे. तुमी लय धीर दिला त्यांस्नी."

मी चहा प्यालो आणि परत आलो. तेव्हाही बोललो नाही. आता बोलून काय उपयोग, असं म्हणणं फार सोपं होतं, आणि मी तेच म्हणत आलो.

गॅरेज आता मुलगा बघतो. टू-स्ट्रोक गाड्या जवळपास संपल्या. पाटीवरचं विमान मात्र अजून आहे. दर वेळी पेंटर न विचारता तेही रंगवून जातो.

इथं लिहून मी सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. काकींच्या डोळ्यांना आता वाचायला दिसत नाही, आणि हे त्यांना दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं असंही मला वाटत नाही. मलकापूरला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी सांगायचं आहे की सुभेदार काहीही विसरले नव्हते, तेल मी घातलं होतं. त्या घराचं मी एवढं देणं लागतो आणि ते मी अजून दिलेलं नाही.